गुरुवारचा हात

अहमदपूरपासून जीपनं अर्ध्या तासावर वाघोळवाडी म्हणून गाव आहे. तिथल्या शाळेत केवळाबाई सोळा वर्षांपासून पोरांची खिचडी शिजवते. माहेर जळकोटकडचं, शिक्षण चौथीपर्यंत, वय बावन्न. अंगानं काटक, आणि स्वच्छतेच्या बाबतीत इतकी कडक की तिच्या ओट्यावर चढण्याआधी शेजारणी आपले तळपाय बघून घेतात. नवऱ्याला, म्हणजे पिराजीला, तिनं कधी बाजारालासुद्धा बिनआंघोळीचं जाऊ दिलं नाही. लग्न झाल्यापासून तो कुरकुरायचा आणि लग्न झाल्यापासून आंघोळ करूनच जायचा. त्यात त्याचं काही चाललं नाही.

शाळेच्या कामानं ही खोड आणखी पक्की झाली. तपासणीला साहेब यायचे असले की हेडमास्तर आदल्या दिवशी निरोप धाडायचे. मग केवळाबाई पातेली घासून लखलखीत करायची, डोक्याला धुतलेला रुमाल बांधायची आणि डाळ नेहमीपेक्षा दोन मुठी जास्त घालायची. साहेब दोन घास खायचे, मान डोलवायचे आणि वहीत 'समाधानकारक' असं लिहून जायचे. रोजची खिचडी काही वाईट नसायची, पोरं पोटभर जेवायची. पण तपासणीची खिचडी वेगळी, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि साहेबांनाही ठाऊक नसेल असं नाही.

चैत्रातल्या एका दुपारी पिराजी कडब्याची गंजी रचता रचता खाली बसला आणि त्याला उठताच येईना. अंगावरून वारं गेलं होतं. डावा हात आणि डावा पाय गेला, तोंड थोडं वाकडं झालं, बोलणं मात्र शाबूत राहिलं. लातूरच्या दवाखान्यात बारा दिवस काढले. मुलगा शिवम चाकणला कंपनीत आहे, तो आला, आठ दिवस राहिला, रडला आणि ड्यूटीवर परत गेला. शेत चुलतभावानं, शेषेरावनं, बटईनं केलं. घरी उरली केवळाबाई, एक म्हैस आणि खाटेवरचा पिराजी.

सुरुवातीला डावा हात लुळा होता. उचलून ठेवला तिथं राहायचा. दीड-दोन महिन्यांनी तो आपोआप वाकायला लागला. कोपर छातीशी आलं, मनगट खाली वळलं, मूठ मिटली आणि अंगठा आत दबला. गावाला आनंद झाला. शेषेराव तर म्हणाला की हातात ताकद येऊन राहिली, आता आठ-पंधरा दिवसांत कुळव धरतोय का नाही बघा. केवळाबाईनं मारुतीला नारळ फोडला. आता काय सांगावं, ती ताकद नव्हतीच. मेंदूचा लगाम सुटला की स्नायू आपले आपणच आवळत जातात, माणसाला विचारत नाहीत. पिराजीला मूठ आवळायची इच्छा नव्हती आणि सोडायची इच्छा असून ती सुटत नव्हती. बोटांची नखं तळहातात रुतायला लागली तेव्हा नारळाचा आनंद ओसरला.

कुणीतरी सांगितलं म्हणून श्रावणात ती त्याला अहमदपूरला घेऊन गेली. नांदेडच्या एका संस्थेनं तिथं मोंढ्याच्या मागं दोन खोल्या घेऊन अशा पेशंटांसाठी केंद्र चालवलं होतं. महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी ऋतुजा मॅडम नांदेडहून एसटीनं यायच्या. त्या फिजिओथेरपिस्ट, म्हणजे व्यायामानं हातपाय वळते करणाऱ्या. वय असेल अठ्ठावीस, बोलणं भरभर, आणि पेशंटला हात लावण्याआधी आपले तळवे एकमेकांवर घासून गरम करायची सवय. केवळाबाईला ती सवय फार आवडली.

तो पहिला गुरुवार गडबडीचा होता. पाऊस, चिखल, जीप पंक्चर. पिराजी पोहोचला तेव्हा लाकडासारखा ताठ होता. मॅडमनी त्याला आडवं केलं, कोपर धरलं आणि आधी सावकाश सरळ केलं, मग एकदम झटक्यात. झटक्यात केलं की हात मधेच अडकायचा, जणू आतून कुणी धरलाय. तो कुठं अडकतो आणि किती जोर लावतो हेच त्या बघत होत्या. त्याला आकडा असतो, शून्यापासून चारपर्यंत. शून्य म्हणजे मोकळा, चार म्हणजे हलतच नाही. पिराजीचा आकडा तीन आला. मॅडमनी तो रजिस्टरात लिहिला आणि समजावून सांगितलं. गोळ्या सुरू करू. रोज दोन वेळा कोमट पाण्यात हात बुडवायचा, मग एकेक बोट सावकाश उघडून दहा मिनिटं ताणून धरायचं, रात्री ही पट्टी बांधायची. तीन महिन्यांनी आकडा दोनच्या खाली आला नाही तर नांदेडला मोठे डॉक्टर आवळलेल्या स्नायूत सुई देतात, त्यानं मूठ सैल पडते. पण सुईची यादी लांब असते, ज्याला खरंच गरज आहे त्यालाच मिळते.

केवळाबाईनं सगळं ऐकलं, पण मनात एकच गोष्ट घट्ट बसली. आपला माणूस तपासणीत नापास झाला होता, आणि तो चिखलाच्या पायानं, दोन दिवसांच्या दाढीनं नापास झाला होता. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या महिन्यातल्या तिसऱ्या गुरुवारी तिनं शाळेत रजा टाकली आणि पहाटे पाचला उठली. न्हाणीजवळच्या चुलीवर हंडा चढवला, त्यात निरगुडीचा पाला टाकला. पिराजीला पाटावर बसवून करडीच्या गरम तेलानं खांद्यापासून बोटांपर्यंत तासभर चोळलं. मग सोसवेल तितकं कडक पाणी, तांब्यामागून तांब्या. पाण्याखालीच एकेक बोट उघडलं, तळहात पुसला, नखं काढली. दाढी केली, धुतलेला सदरा घातला. निघताना मॅडमची गोळी दिली, हात गरम पाण्याच्या पिशवीवर ठेवून शालीत गुंडाळला, आणि जीपमध्ये अहमदपूर येईपर्यंत ती बोटं सावकाश उघडत राहिली.

त्या दिवशी आकडा दोन आला. मॅडम खूश झाल्या. म्हणाल्या, शाब्बास मावशी, इतक्या लवकर इतका फरक मी कमी पाहिलाय, तुमच्या हाताला गुण आहे. खोलीत आणखी चार पेशंट आणि त्यांचे नातलग बसले होते. सगळ्यांनी केवळाबाईकडं पाहिलं. तिनं पदर सारखा केला आणि जमिनीकडं बघत राहिली. गावात उतरल्यावर मात्र तिचं तोंड थांबेना. पाणी भरणारीला सांगितलं, दळणाच्या गिरणीत सांगितलं, शाळेत हेडमास्तरांना सांगितलं.

बाकीच्या दिवसांचं काय? बाकीच्या दिवशी म्हशीची धार, शेण, भाकरी, साडेनऊला शाळा, दोनला परत, मग वैरण. पिराजीच्या हाताला दहा मिनिटं मिळायची, तीही कशीबशी. कोमट पाणी राहून जायचं. घाईत ती बोटं ओढायची, आणि ओढली की मूठ जास्तच आवळायची. पिराजी कळवळायचा, ती चिडायची. रात्रीची पट्टी चार दिवस बांधली, मग त्याला झोप येईना म्हणून खुंटीला लागली. इमाने इतबारे चालल्या त्या फक्त गोळ्या, एकही चुकली नाही. तिला दोष देऊ नका. एकटी बाई किती ठिकाणी पुरणार?

आणि दर महिन्याच्या गुरुवारी आकडा उतरत गेला. दोनवरून 'एक अधिक', त्याला केवळाबाई दीड म्हणायची. दीडवरून एक. प्रत्येक वेळी ती पाणी थोडं जास्त कडक करायची, अर्धा तास आधी उठायची, कारण मागच्यापेक्षा कमी आकडा आणायचा होता. कार्तिकात मॅडमनी रजिस्टर उलटंसुलटं करून पाहिलं आणि सुईच्या यादीतून पिराजीचं नाव काढलं. म्हणाल्या, काकांना आता सुईची गरज नाही, ती जागा दुसऱ्याला देऊ. केवळाबाईला वाटलं, पोरगा बोर्डाच्या परीक्षेत पास झाला.

घरी मात्र हात बिघडत चालला होता. सकाळी उठल्यावर मूठ अशी मिटलेली असायची की नेलकटरचं टोक आत जात नसे. तळहात ओलसर राहून पांढरा पडायचा, वास यायचा. ती जुन्या लुगड्याची वळकटी करून मुठीत कोंबायची आणि संध्याकाळी ती काढताना पिराजी दात आवळायचा. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तर गुरुवारच्या कडक पाण्यातही पूर्वीसारखं उलगडेना. हे मॅडमला दाखवायचं असं ती दर वेळी ठरवायची. पण दर गुरुवारी मॅडमच्या पुढ्यात हात यायचा तो धुतलेला, शेकलेला, मोकळा. घरी छळणारं दुखणं तिथं मास्तरासमोरच्या पोरासारखं गरीब होऊन बसायचं. मग ती काय दाखवणार? आपल्यालाच भलतं दिसतंय असं समजून ती गप्प राहायची. मार्गशीर्षात मॅडमनी पिराजीला विचारलं होतं, काका, घरी कसा असतो हात? पिराजीनं बायकोकडं पाहिलं आणि बरा हाय म्हणाला.

पौषातल्या तिसऱ्या गुरुवारी पहाटे विठाबाई वारली. पिराजीची चुलती, नव्वदीची, भिंतीला भिंत लागून घर. केवळाबाई हंडा चढवायला उठली तोच पलीकडून रडण्याचा आवाज आला. भावकीत मढं असताना चूल पेटवायची नाही. चूल असो की गॅस, मयत उचलेपर्यंत घरात जाळ नाही. पाणी गरम करण्याचा प्रश्नच मिटला.

तिनं ठरवलं, आजचा गुरुवार सोडायचा. बिनआंघोळीच्या माणसाला, गारठ्यात ताठलेल्या, कालच्याच कपड्यात तिकडं न्यायचं कसं? पण आदल्या दिवशी मूठ उघडताना तळहातातून रक्त आलं होतं. करंगळीचं नख आत गेलं होतं. ते रक्त पाहिल्यापासून तिचं काळीज थाऱ्यावर नव्हतं. शेषेरावनं बघितलं आणि म्हणाला, "दवाखान्याला सुतक नसतंय वैनी. म्हातारीला आम्ही पोचवतो. तू दादाला घेऊन जा." भावकीबाहेरच्या घरून चहा आला, त्यावर पिराजीला गोळी दिली, आणि साडेआठच्या जीपमध्ये शेषेरावच्या दोघा पोरांनी त्याला उचलून बसवलं. जीपला ताडपत्री होती पण मागून वारं आत येत होतं. केवळाबाई वाटभर त्याच्या दाढीच्या खुंटांकडं बघत होती.

केंद्रात मॅडमनी तळवे घासले आणि कोपर धरलं. सावकाश सरळ केलं, मग झटक्यात. हात अर्ध्यावरच अडकला. पुन्हा केलं, पुन्हा तिथंच. मूठ तर त्यांना उघडताच येईना. पावलाला धक्का दिला तसा पाय थडथड उडायला लागला आणि थांबेचना. मॅडमनी तो गुडघ्याशी दाबून धरला तेव्हा थांबला. त्यांचा चेहरा उतरला. रजिस्टर काढलं. तीन, दोन, एक अधिक, एक, एक, आणि आज परत तीन.

एकदम असं बिघडलं की आधी कारण शोधायचं असतं. ताठलेल्या अंगाला कुठंही काही टोचत असलं, दुखत असलं, तर ते आणखी आवळतं. मॅडमनी एकेक विचारलं. ताप आला होता का? लघवीला जळजळ? पोट साफ? पाठीला, टाचेला जखम? तळहातातली जखम त्यांनी पाहिली, पण त्या म्हणाल्या एवढ्यानं कोपर आणि पायसुद्धा असा ताठणार नाही. मग गोळ्या बंद झाल्या का? केवळाबाई म्हणाली, न्हाई. मॅडमनी जरा कडक आवाजात पुन्हा विचारलं, खरं सांगा मावशी, या गोळ्या एकदम बंद केल्या की असंच होतं, मी रागावणार नाही.

ते दुसऱ्यांदा विचारणं तिला लागलं. तिनं पिशवी उघडली आणि पाच महिन्यांची रिकामी पाकिटं टेबलावर ओतली. रबर लावून महिन्यांप्रमाणं बांधलेली होती. मॅडमनी ती उलटून पाहिली. मग हळू आवाजात म्हणाल्या, माफ करा, पण मग आज वेगळं काय झालं?

केवळाबाईला सांगायची लाज वाटत होती. समोरच्या बाकावरच्या बाया ऐकत होत्या. शेवटी तिनं मान खाली घातली. "आज आंघोळ न्हाई घातली त्यांना," ती म्हणाली. "भावकीत मयत हाय. जाळ करता आला न्हाई."

मॅडमना आधी कळलंच नाही. आंघोळीचा काय संबंध, असं त्या विचारणार होत्या, आणि विचारता विचारता थांबल्या. मग त्यांनी खुर्ची ओढली, पिराजीच्या खाटेजवळ बसल्या आणि गुरुवारी सकाळी काय काय करता ते सगळं सांगायला लावलं. पाच वाजता हंडा. निरगुडी. तासभर तेल. कडक पाणी. पाण्याखाली बोटं. पिशवी, शाल, जीप. केवळाबाई सांगत गेली तसतशा मॅडम रजिस्टरातले आकडे बोटानं झाकत गेल्या. दोन, एक अधिक, एक, एक.

"मावशी," त्या म्हणाल्या, "चार महिने मी काकांचा हात मोजलाच नाही. तुमची आंघोळ मोजली."

ऊब मिळाली, सावकाश ताणलं की आवळलेला स्नायू तास-दोन तास सैल पडतो, हे मॅडमना कॉलेजच्या पहिल्या धड्यापासून माहीत होतं. येणारा माणूस घरून काय करून आलाय एवढं एक विचारायचं राहिलं होतं. त्या स्वतःवरच चिडल्या होत्या, आणि ते त्यांनी लपवलं नाही. बाकावरच्या एका बाईनं हळूच सांगितलं की आम्हीबी सासऱ्याला आज लवकर उठवून न्हाऊ घातलंय. दुसरी म्हणाली, मग काय पारोशानं आणायचं का?

केवळाबाईला मॅडमचं वाक्य उशिरा कळलं, पण कळलं तेव्हा पुरतं कळलं. ती खाटेच्या कडेला बसली. "आमच्या शाळंत तपासणी असली की मी डाळ जास्त घालते," ती म्हणाली. "साहेब ते खाऊन जातेत आन् समदं चांगलं हाय म्हणून लिव्हतेत. पोरांचं काय, ते कुणी बघत न्हाई. मी ह्यांचंबी तसंच केलं की हो."

मॅडमनी कोमट पाणी मागवलं, पिराजीची मूठ त्यात बुडवली आणि अगदी सावकाश बोटं उघडायला लागल्या. आता त्यांना दुसरंच बघायचं होतं. सावकाश उघडून जे बोट पूर्ण उलगडतं ते नुसतं आवळलेलं असतं, त्याला सुई चालते. जे सावकाश केलं तरी उलगडत नाही, ते आखूड झालेलं असतं. महिनोन्महिने मिटून राहिलं की स्नायू त्याच लांबीचा होऊन बसतो, मग सुईचा उपयोग होत नाही. अंगठा बाहेर आला. तर्जनी उलगडली. मधलं बोट कुरकुरत उलगडलं. करंगळी आणि शेजारचं बोट अर्ध्यावर येऊन थांबलं. मॅडम दोन मिनिटं धरून राहिल्या, मग पाच मिनिटं. ते तिथून पुढं सरकलं नाही.

केवळाबाई ते बघत होती. तिनं विचारलं की ही दोन कधीपासून अशी? मॅडम खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, नक्की सांगता येणार नाही, पण श्रावणात ती उघडत होती, मी स्वतः उघडली होती. कार्तिकात सुई मिळाली असती तर कदाचित वाचली असती. आता प्लास्टर घालून थोडी सुटतील, पुरी नाही. बाकीचा हात अजून हाताशी आहे, तो जाऊ द्यायचा नाही. एवढं बोलून त्यांनी तिथूनच नांदेडला फोन लावला, चूक माझी आहे असं मोठ्या डॉक्टरांना सरळ सांगितलं, आणि येत्या मंगळवारच्या यादीत पिराजीचं नाव घालून घेतलं.

निघताना मॅडमनी दोन गोष्टी बजावल्या. एक, यापुढं काकांना सकाळी उठल्यावर असतील तसे आणायचे, दाढी वाढलेली असली तरी. दुसरी, गुरुवारी करत होता त्यातलं शेकणं आणि ताणणं रोज करायचं. तेल नको, तासभर नको, कडक पाणी तर अजिबात नको. काकांना त्या हातात गरम-गार पुरतं कळत नाही, भाजेल. कोमट पाणी, सावकाश ताणणं, दिवसातून दोनदा, आणि रात्री पट्टी. सुई तीन महिने टिकते, पण ती फक्त स्नायू सैल करते, लांब करायचा असतो तो हातानंच. "तुम्ही करत होता ते चुकीचं नव्हतं मावशी," त्या म्हणाल्या. "ते रोज करायचं होतं."

सुई झाली. नांदेडला जाऊन-येऊन एक दिवस लागला. मोठ्या डॉक्टरांनी एका मशीनवर बघून दंडात आणि हाताच्या आतल्या बाजूला सात-आठ ठिकाणी टोचलं. पाचव्या-सहाव्या दिवसापासून मूठ सैल पडायला लागली. केवळाबाईनं हेडमास्तरांना जाऊन सांगितलं की सकाळचा तांदूळ निवडायला दुसरी बाई बघा, मी दहाला येईन. हेडमास्तर नाराज झाले. ती सोळा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या नाराजीला न घाबरता घरी आली. रोज सकाळी आणि रोज दुपारी ती पिराजीचा हात पातेल्यातल्या कोमट पाण्यात ठेवते आणि मग मांडीवर घेऊन ताणून धरते. तिकडं मॅडमनी रजिस्टरात एक नवा रकाना पाडलाय. त्यात आकड्याच्या आधी लिहितात, आंघोळ केव्हा, शेक केव्हा, गोळी केव्हा.

सुईनंतर दहाव्या दिवशी दुपारची गोष्ट. हात मांडीवर होता. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट तिच्या तळहातावर सरळ पडलं होतं. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदाच पिराजीचा तळहात असा आपला आपण उघडा दिसत होता. जखम भरली होती. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मात्र वाकलेलंच होतं. केवळाबाई त्या दोन बोटांना पुन्हा पुन्हा चाचपत होती. इतके दिवस मनात घोळत असलेलं तिनं शेवटी विचारलं.

"तुमाला तर ठावं व्हतं घरी हात कसा असतोय. मॅडमनी इचारलं तवा बरा हाय कामून म्हणलात?"

पिराजीनं नजर छपराकडं वळवली. मग म्हणाला, "त्या तुला शाबास म्हणायच्या. घरी येईपतूर तू तेच सांगत यायचीस. बत्तीस वर्सांत तुला कुणी शाबास म्हणलेलं म्या ऐकलं नव्हतं."

केवळाबाईला रडू फुटलं. तिला त्याचा राग आला होता, फार राग आला होता, आणि त्याच वेळी त्याच्याबद्दल मायाही दाटून आली.

"मग तुमीच म्हणायचं व्हतं की एकदा," ती म्हणाली. "बोटं कशाला घालवलीत?"

मॅडमनी सांगितलेली दहा मिनिटं अजून व्हायची होती. तिनं डोळे खांद्याला पुसले आणि त्याचा हात तसाच ताणून धरला.